दोन तारखा

३ फेब्रुवारी, दुपार

धाकट्या,

काल बाराची बस पकडायची म्हणून तू चहाही न घेता गेलास. आईला हॉस्पिटलच्या बाकावर बसवलंस, तिची पिशवी तिच्याच मांडीवर ठेवलीस आणि मी प्लास्टरच्या खोलीतून हात पुसत बाहेर येईपर्यंत फाटक गाठलंस. वळून हात तरी केलास, "काल बाथरूममध्ये घसरली" एवढं ओरडून सांगितलंस. तेवढं बरं केलंस.

रात्रीपर्यंत तुझा फोन येईल असं वाटलं होतं. आला नाही, म्हणून लिहिते. पत्राचं वळण आईनेच आपल्याला लावलंय, तेव्हा तिच्याविषयी पत्रातूनच कळवणं बरं.

उजवं मनगट मोडलंय. बाजूने पाहिलं तर हात पालथ्या चमच्यासारखा दिसत होता. आमच्याकडे हाडांचे दोन डॉक्टर आहेत, छोटे आणि मोठे. काल छोटे होते. बाहेर वीस-बावीस माणसं ताटकळत होती. त्यांनी मला विचारलं, "कालचंच ना हे, ताई?" मी म्हणाले, "हो, काल सकाळी बाथरूममध्ये घसरली. माझा भाऊ घेऊन आलाय." मग त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं, पण आईला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. काहींना होत नाही. डॉक्टर हात ओढत होते आणि मी कोपर धरून मागे ओढत होते. ती ओरडली नाही. शाल दातांत धरली होती. बावीस वर्षं मी परक्यांची कोपरं धरत आले आहे, आईचं धरताना मात्र जोर किती लावायचा तेच कळेना. तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उठलेत.

तू माझ्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाहीस, म्हणून तुला माहीत नसेल. प्लास्टर ओलं असतानाच मी त्यावर निळ्या पेन्सिलीने मोडलेल्या हाडाचं चित्र काढते आणि खाली दोन तारखा लिहिते. वरची पडल्याची, खालची प्लास्टरची. कागद हरवतात, पेशंट दुसऱ्या गावी जातो, घरचे वाट्टेल ते सांगतात. हात मात्र माणसाबरोबरच असतो. हाड कितपत जुळलं असेल, प्लास्टर कधी काढायचं, सगळं त्या दोन तारखांवरून ठरतं. आमचे डॉक्टर फाइल उघडायच्या आधी माझं प्लास्टर वाचतात. आईच्या हातावर वर १/२ आणि खाली २/२ आहे.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर वाटतात म्हणते. सुजेमुळे असेल. तिला एकच घोर लागलाय, पेन धरता येईल ना. तीस वर्षं शाळेत मुलांची अक्षरं घोटून घेतलेली बाई, तिला दुसरं काय सुचणार. मी म्हटलं, सहा आठवड्यांत तू माझ्या पत्रातल्या चुका काढायला लागशील. हसली थोडी.

पडली तेव्हा तू घरीच होतास ना? सहज विचारते. वर्षापूर्वी तिला घेऊन गेलास तेव्हा मी एकच अट घातली होती, तिला एकटं ठेवायचं नाही. तू माझ्या हातावर हात मारला होतास.

ताई


११ फेब्रुवारी

धाकट्या,

आज आईचा पुन्हा एक्स-रे काढला. बसवलेलं हाड होतं तिथे परत गेलंय.

आज मोठे डॉक्टर होते. एक्स-रे उजेडावर धरून ते बराच वेळ बघत राहिले, मग मला आत बोलावलं. आईचं प्लास्टर माझ्यापुढे करून म्हणाले, "ताई, ही तारीख तुम्ही लिहिलीत?"

"हो."

"मग हे काय आहे?"

मोडलेल्या कडेला धुरकट पांढरं दिसत होतं. आम्ही त्याला कोवळं हाड म्हणतो. हाड स्वतःला सांधायला लागलं की ते धरतं आणि ते धरायला आठवडे लागतात. खोलीत नवीन माणूस आलं की ही गोष्ट मीच शिकवते. तरी मी बावळटासारखी म्हणाले, "दहा दिवसांत नाही का येत?" त्यांनी दोन तारखेचा, तू आणलंस त्या दिवशीचा एक्स-रे मागवला. त्यातही ते होतं. पुसट, पण होतं.

धाकट्या, आई कधी पडली?

मी तुला तीनदा फोन लावला. तू उचलला नाहीस. मग घरी येऊन आईची पिशवी उघडली आणि तिच्या चष्म्याकडे नीट बघितलं. तोच काळा चष्मा, दांडीला तोच दोरा. जानेवारीत तुझ्या अक्षरात दोन पत्रं आली होती. दोन्हींत एकच वाक्य, "आईचा चष्मा तुटलाय म्हणून मी लिहितोय, आई मजेत आहे." आईला लाज वाटेल इतकं गचाळ अक्षर, पण मला कौतुक वाटलं होतं. म्हटलं, बायको-नोकरी सांभाळून आईसाठी लिहितोय.

मी आईला विचारलं, "चष्मा कुठे दुरुस्त केलास गं?"

"कशाला दुरुस्त करायचा? काय झालंय त्याला?"

आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने चष्मा काढला आणि डाव्या हाताने पदराला कितीतरी वेळ पुसत बसली. तू तिला सगळं पढवलंस, चष्म्याचं तेवढं सांगायचं राहिलं.

बोटं अजून बधिर आहेत. मोठे डॉक्टर म्हणाले, शीर दबलीय, फार दिवस थांबता येणार नाही. पुढे काय करायचं हे खरी तारीख कळल्यावर ठरेल. ती तारीख तुझ्याकडे आहे. पाठव.

ताई


१५ फेब्रुवारी

तुझा निरोप पोचला. पाच शब्द. "आईलाच विचार. मी कामात आहे." कामाचा माणूस तू. आम्ही इथे हात-पाय मोडायची वाट बघत बसलेले असतो.

विचारलं आईला. पहिले दोन दिवस तिने दाद दिली नाही. काल पडले, बाथरूममध्ये पडले, साबण होता, असं एका दमात म्हणून दाखवायची. साबणाचा रंगही सांगितला. मी म्हटलं, "आई, तू वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलांना कसं पकडायचीस?" तर म्हणाली, "जास्त बारकावे सांगायची ती." आणि स्वतःच ओशाळली.

आज तिचे केस विंचरत होते. बोलता बोलता ती म्हणाली, "दोन दिवस वेणीसुद्धा घालता आली नाही गं मला."

"कोणते दोन दिवस? सूनबाई नव्हती घरात?"

बस. तिथे सगळं सुटलं.

तुम्ही समुद्रावर फिरायला गेला होतात. चार दिवस. दहा जानेवारीला निघालात. अकराला ती स्टुलावर चढली, वरच्या फळीवरून लिहायचं पॅड काढायला, आणि पडली. तुम्ही आलात तेराला संध्याकाळी. मोडलेला हात शालीत बांधून ती दोन दिवस एकटी होती. डाव्या हाताने पाव खाल्ला, पाणी प्यायली, खुर्चीत बसून झोपली. भिंतीपलीकडे शेजारीण होती, तिला हाक मारली नाही. मी म्हटलं, का नाही मारलीस? तर म्हणते, "तिने विचारलं असतं ना, मुलगा कुठे आहे म्हणून."

तुझी अब्रू तिने मोडक्या हाताने धरून ठेवली. आणि तू परत आल्यावर काय म्हणालास? "ताईला कळलं तर ती येऊन तुला घेऊन जाईल." खरंच गेले असते. त्याच गाडीने गेले असते. तुला हे पक्कं ठाऊक होतं म्हणूनच तू कळू दिलं नाहीस. आई गेली तर चार लोकांत कसं दिसेल याचा तू हिशेब केलास, तिच्या हाताचा केला नाहीस.

आणि हात वाकडा झालेला दिसायला लागला, बोटं मुकी झाली, तेव्हा तुला ताई आठवली. मग आणून माझ्या बाकावर ठेवलीस आणि म्हणालास, काल पडली.

केसाने गळा कापणं हे मी आजवर नुसतं म्हणत आले होते. तो कसा कापतात ते आता कळलं. माणूस हात करून बसमध्ये चढतो आणि आपण वर त्याचं कौतुक करत राहतो. मी डॉक्टरांना काय सांगितलं होतं आठवतं? "माझा भाऊ घेऊन आलाय." तुझं नाव मी त्यांच्यापुढे खात्री म्हणून ठेवलं.

उत्तर देऊ नकोस. तुझ्या पाच शब्दांत हे मावणार नाही.


१९ फेब्रुवारी, फाइलींच्या खिडकीवरून

धाकट्या,

वरचा पत्ता बघून चक्रावू नकोस. महिनाभर मी प्लास्टरच्या खोलीत जायचं नाही. खिडकीत बसून फाइली द्यायच्या आणि घ्यायच्या.

मी परवा मोठ्या डॉक्टरांकडे गेले आणि खरी तारीख सांगितली. तुझं सांगताना मला काही वाटलं नाही. माझं सांगताना मात्र जीभ जड झाली. तुलाही सांगते. पहिल्या पत्रात मी तुझ्यापासून लपवलं, आणि लपवण्यात तुझ्याइतकीच तरबेज आहे असं दिसतंय.

मी लिहिलं होतं, काहींना ते इंजेक्शन लागू पडत नाही. खोटं आहे ते. ताजं हाड मोडलं की आत रक्त साचतं. सुई नेमकी तिथे टोचायची, दट्ट्या मागे ओढला की सुईत रक्त येतं, मग औषध सोडायचं. ते त्या रक्तात पसरतं आणि जागा बधिर होते. आईच्या वेळी सुईत रक्त आलं नाही. सुई कोरडी होती. छोट्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मनगटावरचा निळसरपणाही पिवळा पडून विरत आला होता. माझ्या बोटांखाली टणक गाठ लागत होती. बावीस वर्षं ही बोटं हेच काम करतात, त्यांना कळलं होतं. आणि मी म्हणाले, "कालचंच आहे, डॉक्टर. भाऊ म्हणाला ना."

मग त्यांनी जुनं, बधिर न झालेलं हाड ओढलं. आणि मी कोपर धरून ठेवलं.

समोर हात सांगत होता आणि मी तुझं ऐकलं. वर पेन्सिलीने लिहूनही टाकलं. मोठे डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "ताई, तुमच्या तारखेवर मी आजवर दुसरा प्रश्न विचारला नव्हता." मग म्हणाले, महिनाभर खिडकीवर बसा. मी हो म्हटलं. हे माझ्या वाट्याचं आहे, ते मी तुझ्या खात्यावर टाकत नाही.

पण आणखी एक आहे आणि त्यात आपण दोघं आहोत.

चौदा जानेवारीला दुपारी, मी डबा खात होते तेव्हा, आईचा फोन आला होता. तुझ्या फोनवरून. म्हणाली, "शेजारणीचा हात सुजलाय गं. काय करावं?" मी घास चावता चावता विचारलं, "बोटं हलतात का?" म्हणाली, "हलतात." मी म्हटलं, "मग काही मोडलेलं नाही. मुरगळलाय. पट्टी बांधा, बर्फ लावा."

माझ्या खोलीच्या भिंतीवर एक पाटी आहे, धाकट्या. माझ्याच अक्षरातली. रोज तेच तेच सांगून घसा बसला म्हणून मी ती लावली. "बोटं हलली तरी हाड मोडलेलं असू शकतं. आधी एक्स-रे काढा." त्या पाटीखाली बसून मी आईला सांगितलं की बोटं हलतात म्हणजे सगळं ठीक.

तेव्हा तिच्या मागून कुणीतरी पुरुष बोलला, "किती दिवस बांधायची ते विचार." मला वाटलं, शेजारणीचा मुलगा असेल. तुझा आवाज मला ओळखू आला नाही. मी म्हणाले, "तीन आठवडे."

आई पडली त्या दिवसापासून तू बरोब्बर तीन आठवडे मोजलेस. माझंच तोंड वापरून तू आईला घरात कोंडलंस. शेजारणीचा हात म्हण असं तिला सांगताना तुझी जीभ अडखळली नाही का रे? "माझा हात" असं ती म्हणाली असती तर मी घास टाकून उठले असते. शेजारणीला मी घास चावत उत्तर दिलं, हे पाप माझं. पण आईला शेजारीण तू केलंस.

परवा ऑपरेशन आहे. वाकडं जुळलेलं हाड पुन्हा तोडायचं, सरळ करायचं, धातूची पट्टी आणि स्क्रू लावायचे, दबलेली शीर मोकळी करायची. बोटांत जीव परत येईल का याची खात्री कुणी देत नाही. जवळच्या नातेवाइकाची सही लागते. ती मी केली आहे. तुझ्याकडून पहिली बस सहाची असते, एवढं मला माहीत आहे. ये असं लिहीत नाही.

ताई


२४ फेब्रुवारी

आला नाहीस.

ऑपरेशन झालं. हाड सरळ बसलं. बोटांचं आत्ताच सांगता येत नाही म्हणतात.

टाके बघून झाल्यावर मोठे डॉक्टर खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "तुमच्या आईचं प्लास्टर तुम्हीच घाला. तेवढ्यापुरतं या." मी पाणी कोमट केलं, कापूस गुंडाळला, अर्ध्या हाताचं प्लास्टर घातलं. चित्र काढलं. वर लिहिलं ११/१. खाली ऑपरेशनची २१/२ आणि त्यापुढे आजची तारीख.

आई उलट्या बाजूने वाचत होती. शाळेत बाकासमोर उभं राहून तिला ती सवयच झालीय. म्हणाली, "वरची तारीख कशाला बदललीस? आधी होती तीच राहू दे ना. येणारे-जाणारे वाचतात."

"वाचावी म्हणूनच लिहितात, आई."

"त्याला नावं ठेवतील गं."

"आणि मला खिडकीवर बसवलं ते?"

"तुझं काय, तू खंबीर आहेस."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तुला ताप आला की ती तुझ्या उशाशी आणि मला ताप आला की मी खंबीर. पूर्वी मला ते बक्षीस वाटायचं.

तिने डाव्या हाताने शाल ओढली आणि वरची तारीख झाकली. दुपारी वॉर्डात उकडत होतं, बाकीच्या बायका पदराने वारा घेत होत्या, हिने शाल काढली नाही. फेरीला डॉक्टर आले तेव्हाही ती शालीची कड घट्ट धरून होती. मोठ्या डॉक्टरांना समजलं. त्यांनी बोटं तेवढी तपासली आणि शालीला हात लावला नाही.

दार वाजलं की विचारते, "तो आला का?"


८ एप्रिल

धाकट्या,

दीड महिना लिहिलं नाही. तूही नाहीस. मी माझ्या खोलीत परत आले आहे. पहिल्या दिवशी छोटे डॉक्टर म्हणाले, "प्लास्टरताई, तुम्ही नसताना सगळ्या तारखा तिरक्या आल्या." एवढं ऐकून बरं वाटलं.

आज आईचं प्लास्टर मी कापलं. ती करवत आवाज फार करते, कातडी कापत नाही, हे शंभरदा सांगूनही लोक घाबरतात. आई घाबरली नाही. कापलेलं प्लास्टर मी टोपलीत टाकायला निघाले तर म्हणाली, "तारखेचा भाग वेगळा फोडून टाक." मी तो तसाच टाकला.

हात बारीक झालाय, पण सरळ आहे. अंगठ्यात जीव आलाय. मधल्या बोटाच्या टोकाला अजून कळत नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज थोडं लिहायला लावा. आईने पेन धरलं. निसटलं. पुन्हा धरलं. चार-पाच वेळा झाल्यावर ते टिकलं. मला रडू आलं, ते लपवत नाही.

तिला कागद हवा होता. तुला लिहायला घेतलेला हाच कागद माझ्यासमोर होता. खालची जागा कोरी होती. मी म्हटलं, "काहीही लिही. मनात येईल ते." आणि तिला मोकळेपणाने लिहिता यावं म्हणून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खरं सांगू? मला वाटलं होतं, ती माझं नाव लिहील. दोन महिने तिला मी भरवलं, न्हाऊ घातलं, वेणी घातली. वाटलं होतं.

अर्धा तास लागला तिला. पेन ठेवून म्हणाली, "पाठव हं हे."

मी वाचलं. हा कागद फाडावा असं वाटलं. मग अक्षराकडे बघितलं. पहिलीतल्या पोराचं असावं तसं, ओळ सोडून खाली गेलेलं, आणि तरी प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. मोडलेल्या, ओढलेल्या, तोडलेल्या हाताने लिहिलेल्या या पहिल्या ओळी आहेत. त्या मी फाडणार नाही आणि खोडणारही नाही. आहेत तशा पाठवते. पण ती तुझ्याकडे परत येणार नाही. मी तिला पाठवणार नाही. ते तू तिला कसं सांगायचं ते बघ, मला ते जमत नाहीये.

ताई

चि. बाळास अनेक आशीर्वाद. माझा चष्मा तुटला होता म्हणून पत्र लिहिता आले नाही. आता दुरुस्त झाला आहे. ताई उगाच काळजी करते, तू मनावर घेऊ नकोस. मला न्यायला कधी येतोस?